महिलांच्या पानावरचे तीस पलंग

टाचणीबाईंना वर्तमानपत्रात नोकरी मिळाली ती त्यांची पत्रं बंद व्हावीत म्हणून.

दीड वर्ष त्या दर आठवड्याला संपादकांना एक पत्र पाठवत होत्या. पत्रात कविता नसे, गाऱ्हाणं नसे, नुसत्या चुका असत. "मंगळवारच्या अंकात पुलाचं उद्घाटन ज्या तारखेला झालं असं छापलंय, ती तारीख अजून यायची आहे." किंवा, "कालच्या अग्रलेखात 'तथापि' अकरा वेळा आला आहे. त्यातले नऊ काढले तरी अर्थ बदलत नाही. उरलेले दोन काढून पाहिले, तरीही बदलत नाही." खाली फक्त आद्याक्षरं. संपादकांनी मनाशी पक्कं केलं होतं की हा कुणी निवृत्त हेडमास्तर असणार, एकटा राहणारा आणि पोट साफ न होणारा. शेवटी एकदा त्यांचं डोकं फिरलं आणि त्यांनी एका ओळीत उत्तर धाडलं: "एवढं कळतं तर इथे येऊन काम करा."

दोन दिवसांनी चोवीस वर्षांची एक किडकिडीत बाई काखेत छत्री मारून त्यांच्या टेबलापुढे उभी राहिली. ते पत्र तिने टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "आले."

संपादकांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. सही त्यांचीच होती. "मला वाटलं, तुम्ही कुणी गृहस्थ असाल," ते म्हणाले.

"गृहस्थ घरी आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतात. त्यांना पाठवून देऊ का? पण त्यांचं शुद्धलेखन माझ्याइतकं चांगलं नाही."

संपादक शब्दाचे पक्के नव्हते, पण शब्द कागदावर असला की घाबरत. बाईंना नोकरी मिळाली.

घरी सासूबाईंनी ही बातमी ऐकली आणि हातातला तांब्या खाली ठेवला. "गावभर हिंडायचं, लोकांच्या घरात काय चाललंय ते विचारायचं आणि दहाजणांना सांगायचं. याला नोकरी म्हणतात होय?" त्या म्हणाल्या. "हे तर मी तीस वर्षं फुकट करतेय." मग थोडा विचार करून म्हणाल्या, "अंक घरी फुकट येईल ना गं?"

टाचणीबाई हे नाव ऑफिसातलं. मजकुराचे कागद एकत्र टाचायला लागणाऱ्या टाचण्या पुरुषमंडळी सतत हरवत, आणि बाई त्या कॉलरला ओळीने खोचून ठेवत. हे झालं नावाचं एक कारण. दुसरं कारण त्यांच्याशी दोन वाक्यं बोलणाऱ्याला आपोआप कळे.

ऑफिस म्हणजे पहिल्या मजल्यावरची एक लांबट खोली, खाली छापखाना. यंत्र सुरू झालं की टेबलं थरथरायची आणि चहाच्या कपात लाटा उठायच्या. खोलीत सात पुरुष होते. त्यांच्यातला मुख्य वार्ताहर सर्वांत महत्त्वाचा, म्हणजे निदान त्याला तसं वाटे. तोंडातून धूर निघाल्याशिवाय तो जागचा हलत नसे, म्हणून सगळे त्याला इंजिन म्हणत. नगरपालिका, पोलीस आणि कोर्ट ही तिन्ही खाती इंजिनाकडे होती. तो रोज नगराध्यक्षांच्या दालनात जाऊन खुर्चीत बसे, तिथला चहा पिई आणि नगराध्यक्ष जे म्हणतील ते लिहून आणी. याला तो 'आतल्या गोटातली बातमी' म्हणत असे.

बाईंना दिलं गुरुवारचं महिलांचं पान. डाग कसे काढावेत, मूल रडत असेल तर काय करावं, लोकरीच्या कपड्यांना कसर लागू नये म्हणून काय करावं. "तुम्हाला काय, घरात बसल्या बसल्या पान भरेल," इंजिन म्हणाला.

"तुमचंही बसल्या बसल्याच भरतं की," बाई म्हणाल्या. "फक्त खुर्ची नगराध्यक्षांची."

पहिल्याच दिवशी दुपारी एक अडचण उभी राहिली. सकाळपासून पाच तास दम धरून झाल्यावर बाई संपादकांच्या टेबलाशी गेल्या आणि हळू आवाजात विचारलं. संपादक कानापर्यंत लाल झाले. "ती सोय... म्हणजे बायकांसाठी... इथे नाही. कधी गरजच पडली नाही."

"तुमच्यापैकी कुणालाच?"

पुरुषांसाठी मागच्या अंगणात एक भिंत होती. भिंत म्हणजे भिंतच. बाईंनी ती खिडकीतून पाहिली, छत्री उचलली आणि जिना उतरल्या.

रस्त्यापलीकडे नगरपालिकेचं प्रसूतिगृह होतं. फाटकाशी रुंद खांद्यांची एक आया स्टुलावर बसली होती. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा की ती उठली की तुरुंग उघडल्यासारखा आवाज व्हायचा. तिने बाईंना नखशिखांत न्याहाळलं.

"नाव नोंदवलंय?"

"नाही."

"कितवा महिना?"

"पहिलाच. नोकरीचा."

आयाने डोळे बारीक केले. बाईंनी दोन वाक्यांत सगळं सांगितलं. आया एवढी हसली की किल्ल्या वाजायला लागल्या. "सात बाप्ये आणि एक भिंत," ती म्हणाली. "जा पोरी, डाव्या हाताचं तिसरं दार. कडी जरा वर उचलून लाव."

तेव्हापासून बाई दिवसातून तीन वेळा रस्ता ओलांडू लागल्या. इंजिन घड्याळ बघून म्हणे, "बाईंची फेरी." त्याला वाटे, बाई वेळ काढतात. खरं म्हणजे त्या तिसऱ्या दाराबाहेर, जिथे आया चादरी पिळायच्या आणि दायी पाय पसरून बसायच्या, तिथे सगळ्या गावाच्या बातम्या नगरपालिकेच्या दालनाआधी दोन दिवस पोचत. गाव कुठलंही असो, मूल सगळ्यांनाच होतं. अभियंत्याच्या बायकोला, रखवालदाराच्या सुनेला, कंत्राटदाराच्या मुलीला. आणि बाळंतीण बाई आणि तिला भेटायला आलेली तिची आई यांच्याइतकं मोकळं कुणी बोलत नाही. पाण्याची टाकी कुठल्या बाजूने गळते, शाळेचं छप्पर कुणाच्या मेव्हण्याने घातलं, बसडेपोचे कामगार कधी काम बंद करणार, सगळं तिथे कळे. मावशी, म्हणजे ती आया, दात कोरत कोरत सांगे आणि बाई छत्रीच्या दांड्यावर हनुवटी टेकून ऐकत.

बाई ती टिपणं इंजिनाच्या टेबलावर नेऊन ठेवत, कारण नगरपालिकेची बातमी महिलांच्या पानावर जात नसे. इंजिन नाक मुरडे, मग चौकशी करी, बातमी खरी निघे आणि ती त्याच्या नावाने छापून येई. तीन-चारदा असं झाल्यावर त्याने विचारलं, "तुमचा माणूस नक्की कोण आहे?"

"आतल्या गोटातला," बाई म्हणाल्या. "फारच आतल्या."

अशी तीन वर्षं गेली. मग प्रसूतिगृहाला नवी इमारत झाली.

उद्घाटन सोमवारी होतं. नगराध्यक्षांनी फीत कापली, लांबलचक भाषण केलं, आणि मंगळवारच्या अंकात पहिल्या पानावर इंजिनाची बातमी आली: माता-भगिनींसाठी तीस पलंगांचा सुसज्ज विभाग. सोबत फोटो. पांढऱ्याशुभ्र चादरींची लांबच लांब रांग आणि पुढे पोट आत ओढून उभे असलेले नगराध्यक्ष.

त्याच मंगळवारी सकाळी नऊला बाई नेहमीप्रमाणे रस्ता ओलांडून गेल्या, तर फाटक अडलेलं. आत एक ट्रक उलटा घुसलेला आणि चार माणसं त्यात लोखंडी पलंग चढवत होती. मावशी कमरेवर हात ठेवून बघत होती.

"हे कुठे चाललेत?" बाईंनी विचारलं.

"माहेरी," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, भाड्याचे होते. परवा आले, काल मिरवले, आज निघाले. पहाटे आम्हाला हुकूम झाला, बाळंतिणी उठवा. काल पलंगावर, आज पुन्हा खाली जमिनीवर. एकीने तर विचारलं, मावशी, माझं काही चुकलं का?"

बाईंची फेरी त्या दिवशी फार लांबली. त्या नव्या इमारतीत चढून गेल्या. रंगाचा वास ताजा होता आणि भिंतीला टेकून, चटयांवर, एकवीस बायका आपापली गाठोडी घेऊन पडल्या होत्या. पलंग उरले होते चार, तेही जुन्या इमारतीतले, गंजलेले. बाईंनी एकदा मोजलं, मग उलट्या बाजूने पुन्हा मोजलं. एका पोरसवदा बाळंतिणीजवळ त्या खाली बसल्या. तिचं बाळ पाच दिवसांचं होतं.

"पलंगावर बरं वाटलं होतं का?" बाईंनी विचारलं.

"झोपच लागली नाही," ती म्हणाली. "चादर चुरगाळायची नाही असं सांगितलं होतं."

खाली येऊन बाईंनी ट्रकमधल्या पलंगांचे पाय पाहिले. प्रत्येक पायावर लाल रंगात दुकानाचा ठसा होता. खुर्च्या, तंबू, पातेली, पलंग असं सगळं समारंभांना भाड्याने देणारं ते दुकान बाजारातच होतं. बाई तडक तिथे गेल्या आणि चेहरा होईल तितका भोळा करून म्हणाल्या, "आमच्या नणंदेकडचा मोठा गोतावळा येतोय हो. एकदम तीस पलंग मिळतील का?"

"काल आला असतात तर हात जोडले असते," दुकानदार म्हणाला. "सगळे नगरपालिकेने नेले होते. आता तासाभरात परत येतील. हवे तेवढे न्या."

"सगळे म्हणजे तीसही?"

"सगळे म्हणजे सगळे."

बाई जवळजवळ धावतच ऑफिसात आल्या आणि संपादकांपुढे सगळं मांडलं. संपादक ऐकताना चष्मा पुसत राहिले. त्यांच्या बाबतीत हे वाईट लक्षण. चष्मा स्वच्छ झाला की ते नाही म्हणत.

इंजिन मध्येच बोलला, "मी स्वतः हजर होतो. तीस पलंग या डोळ्यांनी पाहिलेत."

"आज पाहिलेत का?"

"आज कशाला पाहू? उद्घाटन काल होतं."

संपादकांनी चष्मा चढवला. "हे पाहा बाई. नगरपालिकेच्या जाहिराती आपल्याकडे येतात. मालकांचे आणि नगराध्यक्षांचे घरोब्याचे संबंध आहेत. आणि मुख्य म्हणजे हे खातं तुमचं नाही. तुम्ही आपलं पान सांभाळा."

ओठांवर आलेलं उत्तर बाईंनी गिळलं. जागेवर येऊन बसल्या. हात थरथरत होते, आणि त्या वेळी खालचं यंत्र बंद होतं. रडू येतंय असं वाटलं तशी त्यांनी कॉलरची एक टाचणी काढून अंगठ्यात टोचून घेतली, कारण सात पुरुषांपुढे रडण्यापेक्षा ते स्वस्त होतं. अंगठा चोखता चोखता संपादकांचं शेवटचं वाक्य त्यांना पुन्हा ऐकू आलं. आपलं पान सांभाळा.

त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. महिलांचं पान छापण्याआधी कुणीही वाचत नसे. संपादक वाचत नसत, इंजिन तर त्याला हातही लावत नसे.

गुरुवारच्या अंकात चौथ्या पानावर, डाग काढण्याच्या सूचनेशेजारी, एक छोटा लेख आला. मथळा होता 'पाहुण्यांपुढे घर कसे मांडावे'.

"पाहुणे यायचे म्हटले की गृहिणीची तारांबळ उडते. परंतु आपल्या नगरपालिकेने या सोमवारी घालून दिलेला धडा गिरवल्यास काळजीचे कारण उरत नाही. प्रथम एक रिकामी खोली निवडून तिला रंग द्यावा. मग तीस पलंग भाड्याने आणावेत. बाजारात ते मिळतात. घरातल्या बाळंतिणींना त्यांवर निजवून, हलू नका असे बजावावे. पाहुण्यांनी फीत कापून फोटो काढला की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पलंग ट्रकमधून परत पाठवावेत आणि बाळंतिणींना पुन्हा जमिनीवर आणावे. प्रसूतिगृहाच्या नव्या इमारतीत मंगळवारी चार पलंग आणि एकवीस बाळंतिणी होत्या. जाता जाता एक सूचना: पलंगाच्या पायावरचा दुकानाचा लाल ठसा दिसू नये म्हणून चादर जमिनीपर्यंत सोडावी."

पान छापायला जाण्याआधी ते फक्त एका माणसाच्या नजरेखालून गेलं होतं. प्रुफं तपासणारे नाना, वय सत्तरीच्या घरातलं, शब्द सोडून दुसऱ्या कशावरच विश्वास नसलेले. एरवी महिलांच्या पानावर ते एक रेघ मारून मोकळे होत. त्या दिवशी ते थांबले. लेख दोनदा वाचला. नानांनी पेन्सिल उचलली, 'म्हटले की' नंतर एक स्वल्पविराम घातला, थोडा विचार करून खोडला आणि पान खाली पाठवलं. बाईंकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

गुरुवारी सकाळी सासूबाई नेहमीप्रमाणे अंक मोठ्याने वाचत होत्या. अर्ध्यावर त्या थांबल्या. "हे घर कुणाचं गं?" मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि संपल्यावर अंकाची घडी घालून काखेत मारली. "मी जरा शेजारी जाऊन येते," त्या म्हणाल्या. त्या दुपारी जेवायलाच परत आल्या. फुकटच्या तीस वर्षांच्या अनुभवाचं त्यांनी त्या दिवशी चीज केलं.

दहा वाजेपर्यंत शाळेच्या फाटकात, शिवणवर्गात, नळावर, दवाखान्याच्या बाकावर तेच पान फिरत होतं. बायका वाचत होत्या, हसत होत्या आणि मग हसायचं थांबून उठत होत्या. कारण त्या एकवीसजणींपैकी कुणी ना कुणी कुणाची तरी बहीण होती. अकराच्या सुमारास पंधरावीस बायका हातात अंक घेऊन प्रसूतिगृहात नुसत्या 'बघायला' गेल्या. गावातल्या पुरुषांना मात्र काही पत्ता नव्हता. ते पहिलं पान वाचून कामाला गेले होते.

नगराध्यक्षांना कळलं जेवताना. त्यांच्या पत्नीने वाढता वाढता विचारलं, "ते तीस पलंग कुठून आणले होते हो? माझ्या भावाकडची माणसं यायची आहेत."

तीन वाजता नगराध्यक्ष स्वतः ऑफिसात हजर. जिना चढून दमलेले, चेहरा टोमॅटोसारखा. संपादकांनी तोवर चौथं पान आयुष्यात पहिल्यांदा वाचलं होतं.

"बाई, तुम्ही मला फसवलंत," ते म्हणाले.

"पान सांभाळा म्हणालात. सांभाळलं."

नगराध्यक्षांनी टेबलावर मूठ आपटली. "धादांत खोटं छापलंय. मी कोर्टात खेचीन."

नवऱ्याचा पगार तो किती, आणि आपली नोकरी तर गेल्यातच जमा. पण दीड वर्ष चुका काढत बसलेल्या माणसाची एक सवय असते, ती भीतीच्याही आधी तोंडातून बाहेर पडते. त्यांनी वही उघडली, पेन काढलं. "चूक कुठे आहे तेवढं सांगा. उद्या दुरुस्ती छापते."

"तीस पलंग भाड्याने आणले म्हणे. तीस?" नगराध्यक्ष ओरडले. "तीस नव्हतेच मुळी. दुकानातून अठ्ठावीस आले होते. दोन आमच्या घरचे होते."

इंजिनाच्या तोंडातला धूर तोंडातच राहिला. नानांनी कोपऱ्यात पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. संपादकांनी चष्मा काढला, पण या वेळी पुसला नाही.

"अठ्ठावीस," बाईंनी लिहून घेतलं. "बरोबर. दुकानदाराचं 'सगळे' मी तीस धरलं, ते चुकलंच."

शुक्रवारी पहिल्या पानावर चौकटीत खुलासा आला. चौकट संपादकांनी स्वतः टाकली. गाव हसायला लागलं की ते हसणाऱ्यांच्या बाजूला उभे राहत, हा त्यांचा एक गुण होता. "गुरुवारच्या अंकात महिलांच्या पानावर नजरचुकीने असे प्रसिद्ध झाले की उद्घाटनासाठी तीस पलंग भाड्याने आणले होते. नगराध्यक्षांनी स्वतः येऊन कळविल्याप्रमाणे, भाड्याने आणलेले पलंग अठ्ठावीस होते. दोन त्यांच्या घरचे होते. चुकीबद्दल दिलगीर आहोत." आता पुरुषांनीही वाचलं.

तीन महिन्यांत नव्या इमारतीत सव्वीस पलंग आले, स्वतःच्या पायांवर, ठशाशिवाय. बाईंना बढती मिळाली नाही, पण नगरपालिकेचं खातं मिळालं. इंजिन शेवटपर्यंत सांगत राहिला की तो लेख आपणच सुचवला होता.

गोष्ट इथे संपली असती तर टाचणीबाई तिचा उल्लेख नंतर जास्त वेळा करत्या. त्या ती फारशी सांगत नसत, कारण खुलासा छापून आल्यावर पुढच्याच सोमवारी त्या रस्ता ओलांडून गेल्या तेव्हा फाटकावर एक कागद डकवलेला होता: बाहेरच्या व्यक्तींस शौचालय वापरण्यास सक्त मनाई. आणि फाटकाशी स्टुलावर दुसरीच आया होती.

मावशीची बदली झाली होती, गावाच्या दुसऱ्या टोकाला, साथीच्या रोगांच्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात. कुणी चौकशी केली नव्हती, पुरावा मागितला नव्हता. बाई दिवसातून तीनदा कुणाशी बोलतात हे सगळ्या रस्त्याने पाहिलं होतं.

बाई दोन बस बदलून तिथे गेल्या. मावशी वाफेत उभी राहून काठीने चादरी ढवळत होती. कमरेला जुडगा नव्हता. तिने पाहिलं आणि पुन्हा ढवळायला लागली.

"मावशी," बाई म्हणाल्या, "मला वाटलंच नाही..."

"वाटलंच नाही," मावशी म्हणाली. "शिकलीसवरलेली बाई तू. पलंगांचे पाय बघितलेस, ठसे बघितलेस, गंजलेले चार मोजलेस. मी कुठे उभी आहे ते नाही मोजलंस."

"मी लिहिते त्यांना. आजच लिहिते."

"लिहू नकोस बाई," मावशी म्हणाली. "तुझ्या लिहिण्याने मी इथवर आले. अजून लिहिलंस तर इथून पुढे मसणवटाच आहे."

मग तिने काठी बाजूला ठेवली आणि हात पुसले. "आलीच आहेस तर ही चादर पिळायला धर. एकटीने पिळता येत नाही." दोघींनी मिळून ओळीने दहाबारा चादरी पिळल्या. त्या वेळात मावशी आणखी एक शब्द बोलली नाही.

बाईंनी या वेळी लेख लिहिला नाही. अर्ज लिहिले. कामगार अधिकाऱ्यांना, इस्पितळाच्या अधीक्षकांना, नगरपालिकेच्या सभेला. दर आठवड्याला एक, तारखा आणि नियमांची कलमं घालून, चौदा महिने. अर्जावर सही मावशीची, आणि प्रत्येक अर्ज आधी तिला वाचून दाखवलेला. तिने "हे काढ" म्हटलं की काढलेला. पंधराव्या महिन्यात नव्या अधीक्षकांनी वैतागून मावशीला परत प्रसूतिगृहात पाठवलं. मावशी पुन्हा बोलू लागली, पण बाईंनी तिच्याकडून आलेली बातमी पुढे कधी थेट वापरली नाही. दुसऱ्या चार ठिकाणांहून तीच गोष्ट कळेपर्यंत त्या थांबत. "बातमी आपली असते, पोट दुसऱ्याचं असतं," असं त्या पुढे नव्या मुलींना सांगत. ऐकणाऱ्यांना हे वाक्य जरा रूक्ष वाटे.

मनाईच्या कागदाचा एक फायदा झाला. संपादकांना आता बाईंसाठी सोय करावीच लागली. जुन्या अंकांची कोठडी रिकामी करून तिथे ती बांधली. खोलीतली पुरुषमंडळी दुसऱ्याच आठवड्यापासून ती चोरून वापरू लागली. बाईंनी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कॉलरला टाचणीने अडकवली.

वर्षं गेली. इंजिन धुराने थकून घरी बसला आणि बाई मुख्य वार्ताहर झाल्या. मुली आल्या, आधी एक, मग एकदम तीन. छपाईचं यंत्र गेलं, संगणक आले. सासूबाई नव्वदीच्या जवळ पोचल्या तरी भिंगातून अंक वाचून "आज काही दम नाही गं" असं निकालपत्र देत, आणि एका सकाळी अंक छातीवर ठेवूनच गेल्या. कुठल्या बातमीवर थांबल्या होत्या ते बाईंनी पाहिलं. हवामानाचा अंदाज होता. बाईंना वाटलं, निदान चांगल्या अग्रलेखावर तरी थांबायला हवं होतं. पण तो त्या दिवशी चांगला नव्हताच.

चोपन्नाव्या वर्षी त्या संपादक झाल्या. जुने मालक गेले होते आणि त्यांच्या मुलाला, म्हणजे सगळे ज्याला धाकटे मालक म्हणत त्याला, बातम्यांत रस नव्हता. त्याने भाषणात बाईंना 'संस्थेच्या मातोश्री' म्हटलं. "मातोश्रींना सुट्टी नसते," बाई म्हणाल्या. "संपादकच म्हणा."

निवृत्तीला सहा महिने उरले होते तेव्हा सगळ्यांत नवी वार्ताहर, जेमतेम तेवीस वर्षांची, त्यांच्या टेबलाशी आली. धाकट्या मालकांच्या सासऱ्यांची एक शाळा होती. त्या शाळेत नसलेले विद्यार्थी हजेरीपटावर दाखवून अनुदान घेतलं जात होतं. मुलीने चार वर्गांत बसून डोकी मोजली होती.

बाईंनी ऐकलं, चष्मा काढला आणि ओढणीसारखं काही हाताशी नसल्याने कागदानेच पुसायला लागल्या. "पुरावा?" त्या म्हणाल्या. "आणि धाकट्या मालकांच्या घरचा मामला आहे, माहीत आहे ना?"

मुलीने खाली मान घातली आणि कागद गोळा करायला लागली. तो गोळा करण्याचा आवाज बाईंना फार वाईट वाटला. स्वतःचाच आवाज त्यांनी पुन्हा एकदा मनात ऐकला आणि त्यांना जुन्या संपादकांची कीव आली, म्हणजे पहिल्यांदाच. त्यांना तेव्हा घाबरट म्हणणं फार सोपं गेलं होतं.

"बस," त्या म्हणाल्या. "तुला हे सांगितलं कोणी?"

"एका शिक्षिकेने."

"ती कोण, कुठे असते, ते मला सांगू नकोस. एवढंच सांग, तिच्याशिवाय हे आणखी कुणाकुणाला माहीत असणार?"

पाच दिवस दोघी त्या बातमीवर बसल्या. बसच्या वाहकाने मुलं मोजून सांगितली, खडू पुरवणाऱ्याने खडू. शिक्षिकेची गरजच उरली नाही. सहाव्या दिवशी बातमी आली ती पहिल्या पानावर, मुलीच्या नावाने, आणि खाली एक ओळ: "या बातमीची सर्व जबाबदारी संपादकांची आहे." ती ओळ घालताना बाईंना मजा वाटली नाही.

धाकट्या मालकांनी दुपारी बोलावलं. ते चिडले नव्हते. त्यांना रागावतासुद्धा नीट येत नसे. "तुम्ही थकलात, बाई," ते म्हणाले. "आराम करा आता."

"मुलगी?"

"तिला नाही काढत. काढली तर लोक म्हणतील बातमी खरी होती."

"खरी आहेच ती."

"म्हणूनच," धाकटे मालक म्हणाले.

एवढी अक्कल त्याच्याकडे असेल असं बाईंना वाटलं नव्हतं. त्यांनी टेबलाचे खण आवरले. मुली दाराशी उभ्या होत्या, एकीचे डोळे भरले होते. बाईंनी तिला सांगितलं की तिच्या कालच्या बातमीत 'दरम्यान' चार वेळा आला आहे, आणि जिना उतरल्या.

घरी पोचल्या तेव्हा चार वाजले होते. उन्हं अजून कलायची होती. निवृत्त नवरा खिडकीत बसून बुटांना पॉलिश करत होता. इतक्या वर्षांत या वेळेला त्याने बायकोला घरात पाहिलं नव्हतं. तो चपापला.

"आज लवकर?"

"हो," त्या म्हणाल्या. "सहा महिने लवकर."

त्याने बूट खाली ठेवला, हिशेब केल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं आणि उठला. "मग चहाला दूध कमी पडेल," तो म्हणाला आणि पिशवी शोधायला लागला.